दिवाळी ते होळी: पद्मिनीचा पत्रा, प्लायची होडी आणि पहाटेचं दव

ओझरचा_पाना:
नमस्कार मंडळी. पाऊस सरला, हवा कोरडी झाली, शेडमध्ये दोन कामं एकदम उघडली आहेत.

पहिलं, प्रीमियर पद्मिनी. चार वर्षं जागची हललेली नाही. इंजिन पुलीच्या नटला पाना लावून हाताने फिरतं. पुढच्या दोन्ही सीटखालचा पत्रा आणि डाव्या दाराखालचा सिल (उंबऱ्याचा पोकळ पत्रा) सडलाय. टाकीत गंज आहे. ब्रेकवर पाय ठेवला की पेडल हळूहळू खाली जातं, बाहेर गळती दिसत नाही. वेल्डिंगनंतर मूळ एनसी (नायट्रोसेल्युलोज) रंगच मारायचा विचार आहे.

दुसरं, जुनी लाकडी एंटरप्राइज, ४ मीटरची शिडाची होडी. सेंटरबोर्डच्या (मधोमध पाण्यात सोडायच्या फळीच्या) पेटीला लागून तळाच्या ६ मिमी प्लायचा हातभर भाग मऊ पडलाय, स्क्रूड्रायव्हर सहज आत जातो.

अडचण दोन्हींची सारखीच दिसते. दुपारी २८ अंश, पहाटे ९-१०. शेडला तीनच भिंती, सकाळी पत्र्यावर पाणी. एका जुन्या दारावर एनसी मारून पाहिला, तर संध्याकाळपर्यंत पांढुरका पडला. प्लायच्या तुकड्यावर इपॉक्सी (रेझिन आणि हार्डनर मिसळून) लावलं, ते दुसऱ्या दिवशी वरून तेलकट-चिकट. आधी काय घ्यावं, दिवसाच्या कुठल्या वेळी घ्यावं? आणि तुमच्याकडे या थंडीत काय उघडून ठेवलंय तेही लिहा.

शिडवाला_कुलाबा:
होडीपुरतं लिहितो, गाडीचं जाणकार सांगतील.

इपॉक्सीवरचा तेलकट थर म्हणजे हार्डनरमधल्या अमाइनने हवेतली ओल आणि कार्बन डायऑक्साइड ओढून वर आणलेला मेणासारखा पापुद्रा. खाली रेझिन कडक असेल तर काम वाया गेलेलं नाही. साधं पाणी आणि हिरवी घासणी घेऊन धुवा, कोरड्या कपड्याने पुसा, मगच घासा. आधी पॉलिश पेपर फिरवला तर तो थर ओरखड्यांत दाबला जातो आणि पुढचा कोट सालीसारखा निघतो. थिनरने तो जात नाही, नुसता पसरतो. मात्र नख खोल रुतत असेल, तर प्रमाण चुकलंय किंवा नीट ढवळलं नव्हतं. असा थर खरवडून काढावाच लागतो, थांबून तो वाळत नाही.

प्रमाण वजनावर घ्या, डोळ्यांनी नको. आपल्याकडे सहज मिळणाऱ्या एलवाय ५५६ (रेझिन) आणि एचवाय ९५१ (हार्डनर) या जोडीला १०० ग्रॅम रेझिनला १० ग्रॅम हार्डनर. एक ग्रॅमपर्यंत दाखवणारा किचनचा काटा पुरतो, पण म्हणूनच ५० ग्रॅमपेक्षा लहान घाणा करू नका, त्यात काट्याचीच चूक मोठी ठरते. दीडशेच्या वरही जाऊ नका. उभ्या डब्यात ते स्वतःच्या उष्णतेने धुमसतं. ढवळून झालं की पसरट ट्रेमध्ये ओता. हे रेझिन मुळात जाड असतं आणि थंडीत आणखी घट्ट होतं. हार्डनर घालण्याआधी रेझिनचा बंद डबा ४० अंशांच्या पाण्यात दहा-पंधरा मिनिटं ठेवा. पातळ करायला थिनर घालू नका, तो आत अडकून राहतो आणि थर मऊ पडतो.

मऊ भाग कापताना सगळ्या बाजूंनी किमान ५० मिमी चांगलं लाकूड लागेपर्यंत मागे या. काळपट डाग दिसतो त्याच्या पुढेही कुज गेलेली असते. कडेला १:८ उतार द्या, म्हणजे ६ मिमीला ४८ मिमी. प्लाय आयएस ७१० शिक्क्याचं, म्हणजे मरीन, घ्या. दुकानदार आयएस ३०३ वालं ‘वॉटरप्रूफच आहे’ म्हणून देतो, ते फर्निचरसाठी ठीक. जोडाला आधी नुसतं रेझिन पाजा, दहा मिनिटांनी एरोसिल (सिलिकाची हलकी पूड) मिसळून श्रीखंडाइतकं घट्ट केलेलं लावा. क्लॅम्प आवळून सगळं पिळून काढू नका, इपॉक्सीला फटीत थोडी जाडी लागते. वरून २०० जीएसएमचं (चौरस मीटरला २०० ग्रॅम) विणलेलं ग्लास कापड. चॉप्ड मॅट (तुटक धाग्यांची) नको, तिचे धागे धरणारा डिंक पॉलिस्टर रेझिनमधल्या स्टायरीनमध्ये विरघळतो, इपॉक्सीत तसाच राहतो आणि मॅट बसत नाही.

आता वेळ. लाकूड तापत असताना त्यातली हवा फुगून बाहेर येते आणि कोटात बुडबुडे पडतात. म्हणून लाकूड निवायला लागलं की कोट द्यायचा, म्हणजे दुपारी तीननंतर. पण तीनला लावलेलं रेझिन दव पडायच्या आत पुरेसं आवळायला हवं. इथेच तुमचं गणित बिघडतंय. लावून झालं की होडीवर बांबू आडवे टाकून ताडपत्रीचा तंबू करा आणि खाली, कशाला टेकणार नाहीत असे, १०० वॅटचे दोन जुने पिवळे बल्ब लावा. पाच-सहा अंशांचा फरक पडला तरी पुष्कळ.

मिनेसोटाचा_गारठा:
वरच्या उत्तरात एक भर. बल्ब किंवा विजेचा हीटरच वापरा. धुराड्याविना चालणारा रॉकेल किंवा गॅसचा हीटर तंबूत लावू नका. एक लिटर रॉकेल जळलं की लिटरभराहून जास्त पाणी वाफ होऊन तिथेच राहतं, वर कार्बन डायऑक्साइड. तेलकट थराला लागणाऱ्या दोन्ही गोष्टी आपण हाताने पुरवतो. शिवाय बंद जागेत माणसालाही घातकच.

इकडे तलाव एप्रिलपर्यंत गोठलेले असतात, होड्या ऑक्टोबरातच बाहेर निघतात, त्यामुळे सगळं काम बंद गॅरेजमध्ये. दर १० अंश उताराला इपॉक्सीचा वेळ ढोबळमानाने दुप्पट होतो. २८ अंशांना जे चार तासांत आवळतं ते १८ ला आठ घेईल, आणि १० अंशांना सकाळपर्यंत वाट बघूनही अर्धवटच असेल. तुमच्याकडे तीनला लावून सातपर्यंत चार तास मिळतात, तेही उतरत्या तापमानात.

ओझरकर, शंभर-दोनशे रुपये टाकून आर्द्रता आणि तापमान दाखवणारं छोटं यंत्र घ्या, अंदाजाचं काम संपेल. दुपारी २८ अंश आणि ४० टक्के आर्द्रता असेल तर दवबिंदू, म्हणजे ज्या तापमानाला हवेतली वाफ पाणी होऊन बसते तो, साधारण १३ अंश. रंग असो की रेझिन, पृष्ठभाग दवबिंदूहून किमान ३ अंश वर हवा, म्हणजे इथे १६. हवा नव्हे, पृष्ठभाग. उघड्या आकाशाखालचा पत्रा रात्री हवेपेक्षाही थंड होतो, म्हणून मोबाइलवर १५ अंश दिसत असतानाही टपावर पाणी असतं. हातात धरायचं इन्फ्रारेड थर्मामीटर चकचकीत पत्र्यावर चुकीचा आकडा दाखवतं. मास्किंग टेपचा तुकडा चिकटवून त्यावर रोखा.

माझ्याकडे सध्या १५ फुटी होडीचं आउटबोर्ड (मागे टांगायचं इंजिन). कार्ब्युरेटर रिकामा करणं, गिअरकेसचं तेल बदलणं. खालच्या स्क्रूतून आधी दुधी तेल आलं तर सील जाऊन पाणी आत शिरलं आहे. ते पाणी गोठलं की घर तडकतं. नवीन तेल खालून वर भरायचं, वरच्या भोकातून आलं की आधी वरचा स्क्रू लावायचा, मग खालचा.

थिनर_आणि_लांबी:
ओझरकर, एनसी पांढरा पडण्याचं कारण तेच दव, पण वाट वेगळी. थिनर भराभर उडतो, उडताना पत्रा गार करतो, त्या गारव्याने हवेतलं पाणी ओल्या रंगात उतरतं. म्हणून संध्याकाळीच नव्हे, दमट दुपारीही असं होतं. थिनरमध्ये ५ ते १० टक्के रिटार्डर (सावकाश उडणारा थिनर) घाला. त्याहून जास्त नको, रंग दिवसेंदिवस मऊ राहतो. स्वस्त सुटा थिनर लांबी (पुट्टी) धुवायला ठेवा, शेवटच्या कोटांना चांगल्या कंपनीचा बंद डबा. ते दार टाकून देऊ नका. ऊन तापल्यावर, अकराच्या सुमारास, निम्मा थिनर निम्मा रिटार्डर असा हलका फवारा द्या, पांढरेपणा बहुतेक वेळा उतरतो.

फवारायची वेळ सकाळी अकरा ते दुपारी तीन. गाडी सकाळी नऊला उघडून ठेवा, पत्रा हवेच्या बरोबरीला येऊ द्या. कॉम्प्रेसरची टाकी रोज रिकामी करा आणि वॉटर ट्रॅप (हवेतलं पाणी धरणारी बाटली) कॉम्प्रेसरलाच चिकटवून लावू नका. हवा तिथे गरम असते, पाणी वाफेतच ट्रॅप ओलांडतं. आठ-दहा मीटर पाइपनंतर लावला तर पाणी धरतो.

आणि सगळ्यात जास्त गाड्या जिथे बिघडतात ते: प्रायमर मारून रात्रभर उघडा ठेवणं. प्रायमर म्हणजे रंग नव्हे, तो पाणी आत घेतो. वरून छान दिसतं, दुसऱ्या पावसाळ्यात खाली फोड येतात. प्रायमर आणि पहिले दोन कोट एकाच दिवशी होतील एवढाच भाग रोज घ्या. वॉटर पेपरने घासलेला प्रायमरही उन्हात पूर्ण वाळवूनच पुढे.

खाली आधीचा रंग कुठला ते तपासा. थिनरची चिंधी दोन मिनिटं दाबून धरा. रंग चिंधीला लागला तर एनसी, सुरकुतला तर सिंथेटिक इनॅमल, काहीच झालं नाही तर बहुधा टूके (हार्डनर मिसळून मारायचा रंग). इनॅमलवर एनसी मारला की तो फुगतो, तिथे खरवडणं आलंच. टूके पीयूचा (पॉलियुरेथेनचा) मोह झाला तर त्याच्या हार्डनरमधल्या आयसोसायनेटला कापडी किंवा धुळीचा मास्क चालत नाही, बाहेरून हवा देणारा मास्क लागतो. तीन भिंतींच्या शेडमध्ये मी एनसीच म्हणेन. चमक थोडी कमी, पण चूक झाली तर दुरुस्त करता येते.

पत्र्याचं काम: २० गेज सीआर (कोल्ड रोल्ड) पत्रा. सिल कापण्याआधी दाराच्या फटी तिन्ही बाजूंनी मोजून लिहून ठेवा, दाराच्या चौकटीत आडवा पाइप टाका, आणि एका वेळी एकच बाजू कापा. नाहीतर गाडी खाली बसते, दार पुन्हा कधी लागत नाही. मिग वेल्डिंगने १०-१५ मिमीचे तुटक टाके, लांब-लांब जागी, मधे थंड होऊ द्या. सलग ओढलं की पत्रा लाटा मारतो. त्याआधी बॅटरीची दोन्ही टोकं काढा, टाकी उतरवून दूर ठेवा, चटई आणि खालचं डांबर खरवडा. शेवटी सिलच्या पोकळीत मेण फवारा आणि पाणी निघायची भोकं मोकळी ठेवा. जुना सिल सडला तो बहुतेक ती भोकं अंडरकोटने बुजल्यामुळेच.

चेतक_८७:
आमच्याकडे या थंडीत फक्त टू-स्ट्रोक चेतक स्कूटर, क्रँकची दोन्ही सीलं. ज्यांना शंका आहे त्यांच्यासाठी: गिअर ऑइल कमी होतंय आणि पांढरा धूर थांबत नाही, तर क्लचकडचं सील. गाडी आयडलला आपोआप वर चढते, चोक दिल्यावर शांत होते, तर मॅग्नेटकडचं, तिथून हवा ओढतेय. दुसरं जास्त घातक, मिश्रण पातळ होऊन पिस्टन चिकटतो. नवीन सील बसवताना ओठाला तेल लावा, कोरडं घातलं तर पहिल्या किकलाच ओठ फाटतो.

ओझरकर, पेडल खाली जातं आणि बाहेर गळती नाही, तर मास्टर सिलिंडरचा आतला रबर कप. पण चार वर्षं उभी असेल तर चारही चाकांचे सिलिंडर उघडाच, जुन्या ब्रेक ऑइलने पाणी ओढून आत खड्डे पाडलेले असणार. हलका डाग ब्रेक ऑइल लावून बारीक पेपरने जातो. नखाला खड्डा लागला तर सिलिंडर बदला किंवा स्लीव्ह घाला. रबर पेट्रोलने धुवू नका, फुगतात. हे सगळं रंगाच्या आधी करा, ब्रेक ऑइल एनसीवर सांडलं तर पत्र्यापर्यंत रंग उचलतं. हवा काढताना मास्टरपासून सर्वांत लांबचं चाक आधी, म्हणजे मागचं डावं.

ओझरचा_पाना:
सगळ्यांचे आभार. म्हणजे क्रम असा लागतोय: ब्रेक, पत्रा, मग रंग सकाळी अकरा ते तीन. होडीचं कापणं-तासणं रंग वाळत असताना. फक्त घासण्याची धूळ ओल्या रंगावर बसेल, ते बाहेर करतो. टाकीचं राहिलं. चार्जर लावून इलेक्ट्रोलिसिस करावं का?

थिनर_आणि_लांबी:
बाहेरच्या सुट्या भागांना करा: लिटरला १०-१५ ग्रॅम धुण्याचा सोडा, भाग निगेटिव्हला, दुसरीकडे साध्या लोखंडाची पट्टी. स्टेनलेस लावू नका, त्यातून विषारी क्रोमियम पाण्यात उतरतं. टाकीत मात्र नको. हायड्रोजन आत साठतो, त्यात पेट्रोलचा वास उरलेला, आणि आत सोडलेली पट्टी पत्र्याला टेकली की ठिणगी.

टाकीला सायट्रिक अ‍ॅसिड, लिटरला ७० ग्रॅम, कोमट पाण्यात. आधी मूठभर नट आणि साबणाचं पाणी घालून हलवून सुटा गंज काढा, नट मोजून घाला आणि मोजून काढा. मग द्रावण काठोकाठ भरा. अर्धी भरली तर पाण्याच्या रेषेवर नव्याने गंज धरतो. २४ तासांनी ओतून सोड्याच्या पाण्याने एकदा धुवा आणि तिथून घाई करा. स्वच्छ झालेला पत्रा ओला राहिला तर बघता बघता तपकिरी होतो. भर दुपारी ब्लोअरने वाळवा, लगेच पाव लिटर पेट्रोलमध्ये थोडं टू-स्ट्रोक ऑइल घालून आतून फिरवा. आतून लेप द्यायच्या भानगडीत पडू नका. पंपावर आता ई-२० (२० टक्के इथेनॉलचं पेट्रोल) मिळतं, इथेनॉलने असे जुने लेप सुटून कार्ब्युरेटरच्या जेटमध्ये जाऊन बसतात. रबरी नळ्याही त्याच वेळी बदला, इथेनॉलला टिकणाऱ्या, आर९ छापलेल्या. आणि टाकीला भोक निघालं तर ‘रिकामीच आहे’ म्हणून वेल्डिंगवाल्याकडे नेऊ नका. रिकाम्या टाकीतली वाफच पेटते.

शिडवाला_कुलाबा:
होडीचं एक राहिलं. तळ झाला की रंगाआधी हवेच्या टाक्या तपासा. झाकणं लावून एका भोकातून पारदर्शक नळी काढा, तिला यू आकार देऊन त्यात पाणी भरा. दुसऱ्या नळीतून तोंडाने फुंकून पाण्यात १०० मिमीचा फरक आणा, नळी चिमटा, आणि जोडांवर साबणाचं पाणी लावा. कॉम्प्रेसर लावू नका, ६ मिमी प्लायचा डेक त्या दाबाला उचकटतो. हे काम सकाळच्या चढत्या उन्हात नको. आतली हवा तापून पाणी वर चढतं आणि गळती असूनही टाकी घट्ट वाटते.