उत्तर: गिटार रेकॉर्डिंगमधली घरघर

इलेक्ट्रिक गिटार लॅपटॉपवर रेकॉर्ड करताना घरघर येते आणि गिटारच्या तारांना हात लावला की ती कमी होते, असं तुम्ही लिहिलंय. म्हणजे गिटारचं वायरिंग बहुधा ठीक आहे. आपलं शरीर खोलीतल्या वायरिंगचा आवाज पकडतं आणि तारांना स्पर्श झाला की ते गिटारच्या ग्राउंडशी (म्हणजे अर्थिंगकडे जाणाऱ्या जोडणीशी) जोडलं जातं. गिटारच्या आतल्या पोकळीला तांब्याची टेप लावून ती ग्राउंडला जोडलीत, तर घरघरीचा हा भाग बराच कमी होईल. उलट स्पर्शाने आवाज वाढला असता, तर मी आधी घराचं अर्थिंग तपासायला सांगितलं असतं.

आता लॅपटॉपचा चार्जर काढून बॅटरीवर रेकॉर्ड करून बघा. माझ्याकडे निम्मा त्रास तिथेच संपला! चार्जर लावावाच लागत असेल, तर लॅपटॉप, इंटरफेस (गिटार लॅपटॉपला जोडायचं उपकरण), अँप (अँप्लिफायर) सगळं एकाच एक्स्टेन्शन बोर्डावर घ्या.

आवाज जाड 'हंऽऽ' आहे की चिरका 'झ्झ्झ', तेही ऐका. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे ५० आणि १०० हर्ट्झचा हंऽऽ ग्राउंड लूपचा, म्हणजे उपकरणं एकाहून जास्त वाटांनी ग्राउंडला जोडली गेल्याचा, असू शकतो. गिटारला सिंगल कॉइल पिकअप (तारांचं कंपन टिपणारा, एकाच कॉइलचा भाग) असेल तर बसल्या जागी गिटार फिरवून बघा. आवाज बदलला तर तो पिकअपमधूनच येतोय. झ्झ्झ बहुतेकदा डिमरचा (दिव्याचा उजेड कमी-जास्त करणाऱ्या बटणाचा) किंवा पंख्याच्या इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटरचा असतो. रेकॉर्डिंगपुरता पंखा बंद ठेवा.

वर कुणीतरी घरघर थांबवायला प्लगची अर्थची पिन काढायला सांगितलंय. कृपया ते अजिबात करू नका. अँपमध्ये बिघाड झाला तर तारांमध्ये वीज उतरू शकते, आणि तारांवर तुमचे हात असतात. ग्राउंड लूप तोडायचाच असेल तर ग्राउंड लिफ्ट (सिग्नलच्या केबलमधली ग्राउंडची जोडणी तोडणारं बटण) असलेला डीआय बॉक्स, म्हणजे गिटारचा सिग्नल पुढे नेताना मध्ये जोडायची छोटी पेटी, वापरा.