बालविवाह : आई-बापाला गुन्हेगार म्हणून भागेल का?

गोदाकाठ :
परवा आमच्या गावात एक लग्न मोडलं. मुलगी नववीतली. कुणीतरी १०९८ या बालकांच्या मदत क्रमांकाला फोन केला, ग्रामसेवक पोलिसांना घेऊन मांडवात आले. बापाला लोक नाही नाही ते बोलले. मला ते पटलं नाही.

मी बीडचा. दिवाळीच्या आगेमागे अर्धं गाव ऊसतोडीला साखर कारखान्यावर जातं. मजूर नेणाऱ्या मुकादमाची उचल, म्हणजे आगाऊ पैसे, आधीच खर्च झालेली, पाच-सहा महिने घराला कुलूप. वयात आलेली पोर मागे ठेवायची तर थकलेल्या आजीजवळ. बरोबर न्यायची तर उसाच्या फडाजवळच्या कोपीत, म्हणजे झोपडीत, जिला दार नाही, न्हाणीला साडीचा आडोसा. आई-बाप अंधारात तोडीला गेले की पोर एकटी. हा बाप धास्तीपोटी हात पिवळे करतो. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत बीडमधल्या २० ते २४ वयाच्या ४३.७ टक्के बायकांचं लग्न अठराच्या आत झालेलं होतं. राज्यात २१.९ टक्के. इतके आई-बाप काय निर्दयी आहेत?

चौथा_बाक :
निर्दयी कुणी म्हणत नाही. पण सगळं गरिबीवर ढकलू नका. आमच्याकडे बागायत होती, कुणी ऊस तोडायला जात नव्हतं. तरी थोरलीच्या मांडवात धाकटी उरकली, एका खर्चात दोन. पोर लहान असली की हुंडाही कमी मागतात. २००६ च्या कायद्यात लग्न लावून देणाऱ्या पालकांनाही दोन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड आहे, आईला मात्र कैद नाही. तो धाक हवाच.

गोदाकाठ :
धाकाने काय झालं? आता लग्नं पत्रिका न छापता, रात्रीतून, पाहुण्यांच्या गावी लागतात.

फडातली_लेक :
दादा, तुमची धास्ती खरी आहे. पण लग्न करून पोर जाते कुठे, हेही लिहा. माझं सोळाव्या वर्षी झालं. आई म्हणाली, "आता तुला कुणाची भीती नाही." त्याच हंगामात मी तसल्याच कोपीत होते. नवरा-बायको मिळून एक कोयता, एकटा गडी म्हणजे अर्धा कोयता, उचल निम्मी. सासरच्यांना कोयता पुरा करायचा होता. सातवा महिना लागला तरी मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रॉलीत चढत होते. फळी दवाने ओली असायची. आईने धास्ती घेतली ती चार माणसं काय म्हणतील याची. माझा जीव त्यात कुठे मोजला नव्हता. हे मी तिला अजून बोलू शकले नाही.

गोदाकाठ :
ताई, हे मी लिहायला हवं होतं. तरी विचारतो, तोडीला गेलेल्यांच्या मुलांसाठीचं गावातलं हंगामी वसतिगृह वेळेवर सुरू झालं असतं तर आईने तुम्हाला ठेवलं असतं?

फडातली_लेक :
ठेवलं असतं, असं वाटतं. बाप नसता तयार झाला. माझी मुलगी सातवीत आहे. यंदा मी तिच्यासाठी मागे राहिले. नवरा अर्धा कोयता म्हणून गेलाय, उचल निम्मीच मिळाली. सासू अजून बोलत नाही माझ्याशी.