गोल्फच्या खेळात चिप, पिच, फ्लॉप आणि पंच यांतला कोणता शॉट केव्हा निवडावा?

नवखा_गोल्फर विचारतात:

नमस्कार मंडळी. दिवाळीच्या सुट्टीत धाकट्या भावाने प्लेस्टेशनवर ‘पीजीए टूर २के२३’ हा खेळ लावून दिला आणि तेव्हापासून रात्रीची जेवणे आटोपली की निदान नऊ होल (म्हणजे चेंडू एकेका भोकात घालण्याचे नऊ टप्पे) खेळल्याशिवाय मला चैन पडत नाही. प्रत्यक्षातले गोल्फचे मैदान मी आजवर फक्त रस्त्यावरून, कुंपणापलीकडे पाहिले आहे. त्यामुळे या खेळातले शब्द आणि त्यांमागचा विचार दोन्ही मला नवे आहेत.

टीवरून, म्हणजे सुरुवातीच्या जागेवरून मारलेला पहिला फटका आता बहुतेक वेळा फेअरवेवर, म्हणजे मधल्या आखूड गवताच्या पट्ट्यावर राहतो. दुसऱ्या फटक्यात चेंडू ग्रीनच्या, म्हणजे झेंडा आणि भोक असलेल्या बारीक हिरवळीच्या आसपासही पोहोचतो. खरी अडचण त्यापुढे, शेवटच्या पन्नास यार्डांत येते. तिथे बटण दाबले की नॉर्मल, पिच, चिप, फ्लॉप, पंच अशी नावे एकापाठोपाठ समोर येतात आणि बंकरमध्ये, म्हणजे वाळूच्या खड्ड्यात, त्यांत स्प्लॅशची भर पडते. त्यांतले कोणते घ्यावे हे मी अजूनही अंदाजाने ठरवतो. काल अमेरिकेतल्या टीपीसी सॉग्रास या मैदानाच्या सतराव्या होलवर, म्हणजे चहूबाजूंनी पाणी असलेल्या त्या प्रसिद्ध ग्रीनवर, माझा चेंडू पुढच्या छोट्या बंकरमध्ये पडला. पाण्यातून वाचलो म्हणून मला हायसे वाटले. मग पिच निवडून मी जरा जोर लावला, आणि चेंडू सगळे ग्रीन ओलांडून पलीकडच्या पाण्यात गेला.

चिप आणि पिच यांत नेमका फरक काय, फ्लॉप कधी मारावा, बंकरमध्ये स्प्लॅशच घ्यावा लागतो का आणि पंच फक्त झाडाखालून निघण्यासाठीच असतो का, हे कोणी नीट समजावून सांगितले तर फार उपकार होतील.

तिसरी_टी यांचे उत्तर:

मी हा खेळ त्याच्या आधीच्या आवृत्तीपासून खेळत आलो आहे आणि सुरुवातीला माझीही गाडी नेमकी इथेच अडली होती. मी शॉटची नावे आणि त्यांची अंतरे पाठ करण्याचा बराच खटाटोप केला, पण त्याचा उपयोग झाला नाही. शॉट निवडण्याआधी ‘चेंडू पहिल्यांदा जमिनीला कुठे टेकला पाहिजे’ हा प्रश्न स्वतःला विचारू लागलो, तेव्हा कुठे गुंता सुटला. चिप, पिच आणि फ्लॉप यांतला मुख्य फरक एकूण अंतरापैकी किती अंतर हवेतून कापले जाते आणि किती जमिनीवर घरंगळत, एवढाच आहे. टेकण्याची जागा एकदा ठरली की शॉटची निवड बहुधा आपोआप होते.

चिप हा शॉट थोडा वेळ हवेत राहतो आणि मग पटरने, म्हणजे ग्रीनवर चेंडू घरंगळवण्याच्या काठीने मारल्यासारखा धावत जातो. म्हणून चेंडू ग्रीनच्या कडेला असेल, मध्ये काही अडथळा नसेल आणि झेंड्यापर्यंत मोकळी हिरवळ असेल, तर चिपच घ्यावा. प्रत्यक्षातल्या गोल्फमध्ये यासाठी एक जुना ठोकताळा आहे, तो बाराचा नियम म्हणून ओळखला जातो. बारातून आयर्न प्रकारच्या क्लबचा (काठीचा) क्रमांक वजा केला की, हवेतल्या प्रत्येक एका भागामागे चेंडू जमिनीवर किती भाग धावेल, त्याचा अंदाज मिळतो. नऊ नंबरच्या आयर्नला तीन भाग येतात, आठला चार, आणि पिचिंग वेज या जास्त तिरक्या पात्याच्या क्लबला दहा मानले तर दोन.

समजा चेंडू ग्रीनच्या काठापासून तीन यार्ड बाहेर आहे आणि झेंडा चेंडूपासून सोळा यार्डांवर आहे. चेंडू काठाच्या जेमतेम आत, म्हणजे चार यार्डांवर टेकवायचा म्हटला, तर उरलेले बारा यार्ड त्याने धावले पाहिजे. प्रमाण एकास तीन झाले, म्हणजे नऊ नंबर. हा हिशेब सपाट आणि मध्यम वेगाच्या ग्रीनचा आहे. चढ असेल तर एक क्लब खाली, म्हणजे आठ नंबरकडे यावे आणि उतार असेल तर वेजकडे जावे. खेळातली ग्रीन्स कधी संथ तर कधी अतिशय वेगवान ठेवलेली असतात, त्यामुळे पहिल्या दोन होलांवर चेंडू किती धावतो ते पाहून हा अंदाज दुरुस्त करून घ्यावा. चिप म्हटले की बहुतेक नवे खेळाडू हाती आलेला लॉब वेज, म्हणजे सर्वांत तिरक्या पात्याचा क्लबच वापरत राहतात. क्लब बदलून पाहण्याची सवय लावलीत तर फेरीमागे दोन-तीन फटके सहज वाचतील.

पिचमध्ये बहुतेक अंतर हवेतून जाते आणि टेकल्यावर चेंडू फार धावत नाही. मध्ये बंकर असेल, दाट रफ (वाढलेले गवत) असेल किंवा अंतर तीस-चाळीस यार्ड असेल, तर पिच घ्यावा. इथे कंट्रोलरची स्टिक किती मागे ओढली यावर जोर ठरतो, म्हणून मोठ्या क्लबचा इवलासा स्विंग घेण्यापेक्षा छोट्या क्लबचा भरघोस स्विंग घेणे सोपे जाते, कारण हात थोडा इकडेतिकडे झाला तरी अंतरात पडणारा फरक कमी असतो.

फ्लॉपमध्ये जोराचा मोठा हिस्सा चेंडूला वर चढवण्यातच खर्च होतो. चेंडू जवळजवळ डोक्यावरून वर जातो आणि पडल्या जागी थांबतो. अमेरिकी गोल्फर फिल मिकेल्सनचे या शॉटसाठी नाव आहे, आणि तो पाहताना डोळ्यांचे पारणे फिटते. पण झेंडा काठाला अगदी चिकटून असेल, मध्ये बंकर असेल आणि चेंडू थांबायला जागाच नसेल, तेव्हाच तो घ्यावा. शॉट निवडण्याआधी चेंडूखालची जागा किती चांगली आहे, हे खेळ दाखवतो ती टक्केवारीही पाहावी. रफमध्ये ती घसरलेली असेल तर फ्लॉप अपुरा पडून चेंडू मधल्याच बंकरमध्ये जाण्याची भीती असते.

आता बंकरविषयी. स्प्लॅशमध्ये क्लब चेंडूला थेट लागतच नाही. तो चेंडूच्या थोडा मागे वाळूत शिरतो आणि उसळलेली वाळू चेंडूला उचलून बाहेर टाकते. यासाठी लागणाऱ्या आधुनिक सँड वेजचे श्रेय जीन सॅराझेन या अमेरिकी खेळाडूला दिले जाते. विमानाच्या पंखाचा हलणारा भाग पाहून त्याला क्लबच्या तळाला जाड कड देण्याची कल्पना सुचली, असे सांगतात. त्या कडेमुळे क्लब वाळूत रुतून न बसता घसरत पुढे जातो. १९३२ मध्ये ब्रिटिश ओपन जिंकताना त्याने हाच क्लब वापरला होता. सॉग्रासच्या त्या होलवर ग्रीनची लांबी सुमारे २६ यार्डच आहे आणि पलीकडे थेट पाणी आहे. तिथे वाळूतून पिच घेतला आणि जोर थोडा जरी जास्त झाला, तरी चेंडूला थांबायला जागा उरत नाही. ग्रीनजवळच्या बंकरमध्ये डोळे झाकून स्प्लॅश घ्यावा. फेअरवेवरच्या बंकरमध्ये मात्र लक्ष्य दूर असते, म्हणून तिथे नॉर्मल शॉटच घ्यावा आणि समोरची कड पार होईल एवढ्या कोनाचा क्लब निवडावा.

निवृत्त_फौजी यांचे उत्तर:

वरचे उत्तर अतिशय उपयुक्त आहे, तरी फ्लॉपच्या बाबतीत मी आणखी सावध राहायला सांगेन. मी गोल्फ शिकलो ते १९८० च्या दशकात, छावणीतल्या अशा मैदानावर, जिथे पाण्याअभावी हिरवळीची ग्रीन्स नव्हती. त्यांच्या जागी वाळूत तेल मिसळून दाबून केलेले गोल असत आणि त्यांना आम्ही ‘ब्राउन’ म्हणत असू. पट, म्हणजे चेंडू भोकाकडे घरंगळवण्याचा फटका, करण्याआधी त्यावरची पावलांची ठसठशीत खूण लाकडी फळीने ओढून सपाट करावी लागे. उन्हाळ्यात भोवतालची जमीन दगडासारखी कडक होई, त्यामुळे उंच मारलेला चेंडू ब्राउनच्या जरा अलीकडे पडला तरी उसळून कुठल्या कुठे जाई. आमचे वरिष्ठ सात नंबरचे आयर्न हाती देत आणि चेंडू अलीकडेच टेकवून जमिनीवरून न्यायला लावत. महिनाभर त्यांनी मला वेजला हातही लावू दिला नव्हता.

आता नातवाबरोबर हाच संगणकी खेळ खेळताना मी तोच क्रम पाळतो. आधी पटरने जाईल का ते पाहावे, नाही तर चिप, तोही जमत नसेल तर पिच आणि काहीच उरले नाही तर फ्लॉप. चेंडू जितका कमी वेळ हवेत राहील तितकी चूक लहान राहते. फ्लॉपमध्ये जोर थोडा चुकला तर चेंडू बंकरमध्ये जातो, चिपमध्ये तेवढीच चूक झाली तर चार फुटांचा पट उरतो. नव्या खेळाडूने पहिले काही आठवडे फ्लॉप आहे हे विसरूनच जावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

वाऱ्याचा_अंदाज यांचे उत्तर:

पंचचा प्रश्न राहिला आहे, म्हणून लिहिते. झाडाच्या फांदीखालून निघणे हा त्याचा एक उपयोग झाला, पण मी तो त्याहून जास्त वाऱ्यासाठी वापरते. समोरून जोराचा वारा असेल तर उंच गेलेला चेंडू हवेत अडतो, एवढेच नव्हे तर बाजूलाही भरकटतो. पंच खालून जातो, त्यामुळे वाऱ्याला त्याच्यावर जोर चालवायला वेळच कमी मिळतो. नेहमीपेक्षा एक-दोन क्लब मोठा घ्यावा आणि चेंडू टेकल्यावर बराच धावेल हे आधीच मोजून ठेवावे. ग्रीनच्या पुढ्यात पाणी किंवा बंकर असेल तर मात्र पंच घेऊ नये, कारण धावत येणाऱ्या चेंडूला तिथे वाट मिळत नाही.

आणखी एक गोष्ट, जी मला फार उशिरा कळली. शॉटची निवड बरोबर असूनही चेंडू वाकडा जात असेल, तर स्टिक पुढे ढकलण्याचा वेग तपासा. प्रत्येक फटक्यानंतर वेग जास्त झाला की कमी, हे खेळ दाखवतो. मी एका संध्याकाळी गुण न मोजता एकटीने फेरी खेळले आणि प्रत्येक ग्रीनजवळ फक्त चिपच मारला. फटक्यानंतर झेंड्याकडे न पाहता चेंडू पहिल्यांदा कुठे टेकला तेवढेच पाहिले आणि वहीत लिहिले. अठरा होल संपेपर्यंत माझ्या हाताचा वेग आणि चेंडूचे धावणे या दोन्हींचा अंदाज आला होता. पुढच्या दोन संध्याकाळी पिच आणि स्प्लॅश यांचा सराव तसाच केला.

नवखा_गोल्फर लिहितात:

आपण सर्वांनी इतक्या आपुलकीने लिहिलेत, त्याबद्दल मनापासून आभार. काल रात्री फौजी काकांच्या सांगण्याप्रमाणे फ्लॉपला हात लावला नाही आणि चिपसाठी नऊ नंबर घेऊन पाहिला. पहिले दोन चेंडू झेंड्याच्या पुढे निघून गेले, कारण ग्रीन माझ्या अंदाजापेक्षा वेगवान होते. तिसऱ्यापासून पिचिंग वेज घेतला आणि त्या फेरीत पाच वेळा चेंडू झेंड्यापासून सहा फुटांच्या आत थांबला. सॉग्रासच्या सतराव्या होलवर मुद्दाम पुन्हा गेलो, पण या वेळी चेंडू बंकरमध्ये न पडता ग्रीनच्या काठावरच्या आखूड गवतात थांबला. तिथून पटर घ्यावा की चिप, हे मात्र ठरवता आले नाही.

निवृत्त_फौजी यांचे उत्तर:

गवत आखूड असेल आणि काठ दोन-तीन यार्डांच्या आत असेल तर बिनधास्त पटर घ्या. फक्त त्या गवतात चेंडूचा वेग मरतो, त्यासाठी जोर वाढवायला हवा. मी काठाच्या गवतातला प्रत्येक यार्ड दीड यार्ड धरतो आणि त्यानंतरच उताराचा हिशेब करतो. चेंडू आणि हिरवळ यांच्या मध्ये रफचा एखादा जरी पट्टा येत असेल, तर पटर ठेवून द्या आणि वेजने चिप मारून तेवढा पट्टा ओलांडा.