परदेश दौरा: दोन तास स्टेज, बाकी बॅगा (अनुभव धागा)

भाता

माझ्याकडे पेटी शिकणारी एक मुलगी सप्टेंबरात पहिल्यांदाच अमेरिकेला चाललीय, मराठी गाण्यांच्या ग्रुपबरोबर, पाच आठवडे नऊ गावं. परवा क्लासला आली ती वहीपेन घेऊनच, सर काय काय नेऊ सांगा. सांगायला बसलो आणि दोन तासांनी बघतो तर आम्ही अजून बॅगेवरच होतो. म्हणून हा धागा. गायक-गायिकांच्या मुलाखती येतात सारख्या, मागे बसणाऱ्यांना कोणी विचारत नाही. तबला, पेटी, साइड ऱ्हिदम, साऊंडवाले, निवेदक सगळे या, बरं-वाईट दोन्ही लिहा. आयोजकांची नावं मात्र नकोत, भांडणं करायला दुसरीकडे जागा आहे.

सुरुवात मीच करतो. इकडे लोकांना वाटतं अमेरिका दौरा म्हणजे रोज नवीन शहर. तसं नसतं हो. तिकडे कार्यक्रम शुक्रवार रात्र, शनिवार, रविवार. सोमवार ते गुरुवार सगळे ऑफिसात आणि आपण कोणाच्या तरी बेसमेंटमध्ये. होस्ट सकाळी सातला निघताना सांगून जातात, फ्रीजमध्ये सगळं आहे, रिमोट इथे, मग दिवसभर घरात तुम्ही आणि खिडकीबाहेर एक खार. चालत जाण्यासारखं दुकान नाही, रस्त्यावर माणूस दिसत नाही. पहिल्या दौऱ्यात तिसऱ्या दिवशी मी इतका कंटाळलो की होस्टची धूळ खात पडलेली पेटी उघडून बसलो. दोन सूर बंद होते ते साफ केले, भाता गळत होता तो चिकटवला, संध्याकाळी ते घरी आले तर पेटी बोलत होती. झालं, त्यांनी व्हॉट्सॅपवर टाकलं आणि शनिवारपर्यंत बेसमेंटमध्ये सहा पेट्या. पैसे घ्यायचा प्रश्न नव्हता, व्हिसा तसा नसतो, पण सहाही घरची जेवणं झाली, त्यातलं एक कोंबडीवड्यांचं, ते अजून लक्षात आहे.

डग्गेवाला

भाता दादा, तुमचं बरं आहे, पेटी तिकडे मिळते. आमच्या ग्रुपात गायकाची पट्टी (गायचा सूर) काळी एक आणि गायिकेची काळी चार, म्हणजे मला एक टिपेचा (उंच सुराचा) तबला, एक ढाला (खालच्या सुराचा) आणि डग्गा. केससकट पंधरा-सोळा किलो तिथेच गेले, २३ च्या बॅगेत उरलं काय, तर दोन झब्बे आणि चुंबळी.

पहिल्या वेळी मी हातोडी केबिन बॅगेत ठेवली होती. सवयीने हो, लागते ना हाताशी. सिक्युरिटीवाल्याने ती दोन बोटांत धरून वर उचलली आणि माझ्याकडे असं बघितलं की मी आपणहून म्हटलं राहू द्या. पुढे दुसऱ्या बॅगेत पांढरी पावडर, घरच्या प्लॅस्टिकच्या पिशवीत, गाठ मारून. टाल्कम पावडर होती, वाजवताना हाताला लावतो ती, पण तसं पिशवीवर लिहिलेलं नव्हतं. वीस मिनिटं गेली. आता कंपनीच्या डब्यातच नेतो, सील न फोडता, आणि हातोडी चेक-इनमध्ये.

हे झाले विनोद. मिनीॲपोलिसला मात्र रडू यायचं बाकी होतं. नोव्हेंबरअखेर, रात्री एकला पोचलो, सगळे मेलेले, होस्ट म्हणाले सामान राहू दे गाडीत, सकाळी काढू. मी पण हो म्हटलं. रात्रभर बाहेर शून्याखाली, सकाळी थेट हीटिंगच्या हॉलमध्ये. चारला केस उघडली तर टिपेच्या तबल्याची पुडी (वरचं चामडं) चाटेजवळ म्हणजे कडेला फाटलेली, मधल्या काळ्या शाईपर्यंत चीर. आपल्याकडे पावसाळ्यात चामडं सैल पडून सूर उतरतो, तिकडे उलटं, हीटरच्या कोरड्या हवेत ते आकसतं, सूर चढत जातो आणि एक वेळ अशी येते की ते सोडून देतं. सहाला शो, पुडी चढवणारा कारागीर कुठला मिळायला तिथे. शेवटी मंडळातल्या एका बाईंचा चौदा वर्षांचा मुलगा तबला शिकत होता, त्याचा आणला. वादीखालचे लाकडी गठ्ठे ठोकून ठोकून काळी एकला आणला एकदाचा. तो मुलगा पहिल्या रांगेत बसला होता, गाण्याकडे त्याचं लक्षच नाही, अडीच तास फक्त स्वतःच्या तबल्याकडे बघत होता. मध्यंतरात येऊन म्हणाला, काका, हा असा वाजतो मला माहीतच नव्हतं. त्या पोराला मी अजून व्हिडिओ कॉलवर शिकवतो, आता कॉलेजात आहे.

त्या मुलीला सांगा, वाद्य रात्री गाडीत ठेवायचं नाही, कितीही झोप आली तरी. आणि हॉलमध्ये गेल्या गेल्या गरम हवेची जाळी कुठे आहे ते बघायचं, कधीकधी जमिनीतच असते, बरोब्बर आपल्या गादीखाली.

धुमाळी

पखवाजवाल्याचं ऐका. पखवाजाच्या डाव्या तोंडाला कणीक लागते, प्रत्येक कार्यक्रमाला ताजी, मळलेली. अमेरिकेत इंग्लंडात चिंता नाही, कुठल्याही मराठी-गुजराती घरी आटा असतोच, वर होस्ट काकू हौसेने मळून देतात, फक्त त्यांना सांगावं लागतं की तेल-मीठ घालू नका. फ्रान्समध्ये एका छोट्या गावात ध्रुपदाच्या साथीला गेलो होतो, मुक्काम हॉटेलात, भारतीय माणूस औषधालाही नाही. दुकानात पांढरं पीठ मिळालं, ते आपल्या मैद्यासारखं, नुसतं चिकट, थाप मारली की बोटाला दोरा. मग वाटलं, फ्रान्समध्ये आहोत, बेकरीत जाऊ! खुणा करून सांगितलं, माणूस खूश, त्याने मळलेला गोळाच दिला फुकट. मी पण खूश. लावला, सूर मस्त जमला, आलाप सुरू झाला. आलाप अर्धा-पाऊण तास, तोवर आम्ही गप्प बसलेले, वर स्टेजचे गरम दिवे. आणि माझ्या डोळ्यांदेखत कणीक फुगायला लागली. यीस्ट होतं हो त्यात!! गायक डोळे मिटून जोड (आलापाचा पुढचा भाग) करतायत आणि माझ्या मांडीवर पाव तयार होतोय. धमार, म्हणजे माझी साथ, सुरू व्हायच्या आत ती खरवडून काढली, उरलेल्यात पाण्याचा हात लावून वेळ मारून नेली. प्रेक्षकांना तो विधीचाच भाग वाटला बहुतेक, टाळ्या पडल्या. आता युरोपला दोन किलो कणीक बरोबर असते, घरच्या चक्कीची, आणि विमानतळावर तिचंही स्पष्टीकरण द्यावं लागतं.

डॅलसची काकू

मी वादक नाही, पण अकरा वर्षं कलाकार घरी उतरवतेय, तर आमचीही बाजू. आमच्याकडे टेक्सासात बेसमेंट नसतं, गेस्टरूम असते, ती खार तेवढी कॉमन. पहिली गोष्ट, "काहीही चालेल" म्हणू नका. मी चार भाज्या करते आणि तुम्हाला वरणभात हवा असतो, तो तुम्ही तिसऱ्या दिवशी लाजत लाजत मागता. दुसरी, उदबत्ती. एका तबलजींनी पहाटे पाचला रियाजाआधी खोलीत दोन उदबत्त्या लावल्या, स्मोक अलार्म किंचाळला, आमचा अलार्म कंपनीला जोडलेला, दहा मिनिटांत दारात फायर ब्रिगेडचा बंब आणि तबलजी सोवळ्यात. शेजारी आम्हाला अजून विचारतात, तुमचे ते गेस्ट कसे आहेत.

पण शो झाल्यावर रात्री दीडला पोहे खाता खाता ओट्याला टेकून तुम्ही लोक जे गुणगुणता ना, त्यासाठी पुढच्या वर्षी परत हो म्हणते मी.

घरचा अभ्यास

मी एका वादकाची बायको. इकडचा अनुभव चालेल का? कारण दौरा दोन ठिकाणी चालू असतो. ते न्यू जर्सीत शो संपवून जेवून फोन करतात तेव्हा माझी सकाळची डब्यांची वेळ, एका हातात लाटणं, ते सांगतात आज काय भारी झालं, वन्स मोअर, आणि मी म्हणते हो का, पाण्याची मोटर जळलीय. मग दोघंही गप्प. मुलीची दहावी, सासूबाईंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन, दोन गणपती, सगळं त्यांच्याशिवाय झालं. तक्रार नाही, दौऱ्याच्या पैशांवरच घराचं कर्ज फिटलं. (एकदा मात्र आयोजकाने शेवटचे दोन शो रद्द केले आणि ठरल्यातले निम्मेच हातावर ठेवले, कारण लेखी काहीच नव्हतं. तेव्हापासून करार मी वाचते, ते वाचत नाहीत.) परत आल्यावर आठवडाभर हा माणूस दुपारी झोपतो आणि रात्री तीनला किचनमध्ये डबे उघडून बघतो. पाहुण्यांना वाटतं डॉलर आणले. बॅगेतून निघतात चॉकलेटं, झिपलॉकच्या पिशव्या आणि न धुतलेले झब्बे.

डग्गेवाला

वहिनी, करार वाचता ते फार बरं करता. त्यात अजून एक बघा, तिकडे बाहेरच्या कलाकारांच्या मानधनावर सर्रास ३० टक्के कर कापला जातो, तो आकड्याच्या आत की बाहेर हे आधीच विचारायचं.

अडकलेला

मार्च २०२०. आमचा आठ शोचा दौरा, त्यातले तीन झाले. चौथ्याच्या आदल्या दिवशी हॉल बंद, मग सगळंच बंद, आणि २२ मार्चपासून भारतात उतरणारी विमानंच थांबली. आम्ही चौघे वेगवेगळ्या घरी, मी न्यू जर्सीत एका जोडप्याकडे, दोन दिवसांसाठी आलो होतो. अडीच महिने राहिलो.

पहिले पंधरा दिवस मी खोलीबाहेर यायलाच लाजायचो. आधीच लोक घाबरलेले, एकेका टॉयलेट पेपरसाठी रांगा, आणि त्यांच्या घरात एक जादा तोंड, ओळख म्हणाल तर व्हॉट्सॅपची. भांडी घासायला घेतली, त्यांनी हातातून काढून घेतली. परत घेतली. शेवटी तह झाला, रात्रीची माझी. माझ्या बीपीच्या गोळ्या संपत आल्या, तिकडे डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय काही मिळत नाही, तर त्यांच्या ओळखीच्या डॉक्टरबाईंनी फोनवर तपासून लिहून दिल्या. कमाई शून्य. इकडे घरी बायकोला सांगायचो मजेत आहे.

होस्टची सात वर्षांची मुलगी एकदा दारात येऊन म्हणाली, काका तुम्ही वाजवत का नाही. खरंच, तीन आठवडे बासरी केसमधून काढली नव्हती. काढली, फुंकली, आवाज असा आला की दोघंही हसलो. मग रोज संध्याकाळी मागच्या डेकवर वाजवायला लागलो, कुंपणापलीकडे एक म्हातारे गृहस्थ खुर्ची टाकून बसायचे, मास्क लावून, ना माझं नाव माहीत ना रागाचं. एक दिवस ते आले नाहीत. पुढेही आले नाहीत. खुर्ची तिथेच होती.

मेमध्ये अडकलेल्यांना परत आणणारी वंदे भारतची विमानं सुरू झाली, माझा नंबर जूनमध्ये लागला. पुण्यात पोचून क्वारंटाइनच्या हॉटेलात बॅग उघडली तर कपड्यांच्या मधे त्या ताईंनी मेतकुटाची बाटली ठेवलेली. म्हणजे न्यू जर्सीहून पुण्याला मेतकूट.

भाता

मित्रा, हे माहीतच नव्हतं. फोन करतो रात्री.

जाखडी

वातावरण जरा हलकं करतो. मॉरिशसला गेलोय का कोणी? तिथे गणेश चतुर्थीची सरकारी सुट्टी असते. तिथले मराठी लोक म्हणजे एकोणिसाव्या शतकात उसाच्या मळ्यांवर गेलेल्या मजुरांचे वंशज, आपसात क्रिओल बोलतात. आम्ही अभंग सुरू केला आणि सगळा हॉल टाळ घेऊन गायला लागला, शब्द न चुकता, ठेका आमच्यापेक्षा जड. नंतर एका आजोबांशी मराठीत बोलायला गेलो तर ते हसले, हात जोडले आणि परत त्याच अभंगाची ओळ म्हणाले. मग त्यांनी आम्हाला त्यांचा झाकरी नाच दाखवला. मी रत्नागिरीचा, अहो ही आमची जाखडी! पाय तसेच पडतात. माझे आजोबा नाचायचे तशी.

काळी चार

मीच ती पेटीवाली. सर, तुम्ही सगळ्यांना सांगून टाकलंत :) रात्री सगळं वाचून काढलं. आईने पण वाचलं, तिने आत्ताच चार झिपलॉक आणून ठेवलेत. एकच विचारायचंय, स्वतःची पेटी नेऊ की तिकडची घेऊ?

भाता

तिकडची. दहा-बारा किलो उचलत फिरशील आणि पहिल्याच विमानात पट्ट्या हलतील. पण मिळेल ती पेटी आदल्या दिवशी मागून घे, उघडून बघ, एखादा सूर बंद असणारच. स्क्रूड्रायव्हर ने.

डग्गेवाला

चेक-इनमध्ये!!