बग्रूतच्या परीक्षेतील भाषिक सवलती: नव्याने आलेल्या मुलीसाठी नेमक्या कोणत्या मागाव्यात?

अश्दोदची आई (प्रश्न)

सर्वांना शालोम. आम्ही ठाण्याहून अलिया करून, म्हणजे इस्राएलला स्थलांतर करून, अश्दोदला आलो, तेव्हा आमची थोरली मुलगी नववीत होती. आता ती इथल्या दहावीत, म्हणजे किता यूदमध्ये आहे. तिकडे ती मराठी माध्यमाच्या शाळेत, पण सेमी-इंग्रजीच्या तुकडीत होती. त्यामुळे गणित आणि विज्ञान ती इंग्रजीतून शिकली, बाकीचे सर्व विषय मराठीतून. उल्पानमुळे, म्हणजे हिब्रूच्या वर्गांमुळे, आणि मैत्रिणींच्या सहवासामुळे तिचे बोलण्यातले हिब्रू झपाट्याने सुधारले. मात्र इतिहासाचे किंवा नागरिकशास्त्राचे पुस्तक उघडले, की स्वरचिन्हे नसलेला मजकूर वाचताना ती अडखळते, आणि वर्गातली मुले पान उलटत असतात तेव्हा तिचा पहिला परिच्छेद जेमतेम संपलेला असतो.

बग्रूतच्या, म्हणजे इथल्या शालान्त, परीक्षांत नव्या ओलीम, म्हणजे स्थलांतरित, मुलांना सवलती, म्हणजे हतामोत, मिळतात असे ऐकून मी शाळेत चौकशी केली. वर्गशिक्षिकेचे म्हणणे असे, की मुलगी इतकी छान बोलते, तिला त्यांची गरजच भासणार नाही. दुसऱ्या एका शिक्षिकेने तर तिला इव्हून दिदाक्तीला, म्हणजे अध्ययन-अक्षमतेच्या तपासणीला, न्यावे असे सुचवले. जी मुलगी तिकडे वर्गात पुढे असायची तिच्याविषयी हे ऐकून आम्हा दोघांनाही फार लागले.

सवलतींसाठी ही तपासणी खरोखरच आवश्यक आहे का? प्रश्नपत्रिका इंग्रजी अनुवादात मागावी, की तिच्या वडिलांच्या मताप्रमाणे सर्व काही हिब्रूतूनच देऊ द्यावे? आणि हे सारे दहावीतच ठरवायचे, की बारावीपर्यंत थांबले तरी चालेल? ज्यांची मुले यातून गेली आहेत किंवा जे इथे शिकवतात, त्यांनी कृपया मार्गदर्शन करावे.

गणिताची शिक्षिका, बीरशेबा

ताई, आधी तपासणीचा प्रश्न बाजूला काढूया, कारण इथे दोन अगदी वेगळ्या गोष्टींची गल्लत झाली आहे. अध्ययन-अक्षमता असलेल्या मुलांच्या सवलती तपासणीच्या अहवालावर ठरतात. ओलीम मुलांच्या सवलती मात्र मूल देशात केव्हा आले यावर ठरतात आणि त्यासाठी तेउदात ओले, म्हणजे स्थलांतरिताचा दाखला, आणि अलियाची तारीख हाच आधार असतो. भाषा नवी आहे म्हणून सावकाश वाचणे हा आजार नव्हे आणि अक्षमताही नव्हे. तुमची मुलगी मराठी परिच्छेद भराभर वाचून त्याचा आशय नीट सांगत असेल, तर निदान आत्ता तरी तिला तपासणीला नेण्याचे कारण मला दिसत नाही.

‘छान बोलते’ या शेऱ्याबद्दल मला जरा विस्ताराने लिहायचे आहे, कारण तो मी शिक्षकांच्या खोलीत वारंवार ऐकते आणि दर वेळी मला त्याचे वाईट वाटते. मैदानावरचे हिब्रू आणि प्रश्नपत्रिकेतले हिब्रू यांत फार मोठे अंतर आहे. माझ्याच विषयातले उदाहरण देते. ‘पी’ हा लहानसा शब्द संख्येच्या आधी आला, तर एक राशी दुसरीच्या तिप्पट आहे असा अर्थ होतो. तिथेच ‘बे’ आले, तर ती तीनने जास्त आहे असा. वर्गात उत्तम बोलणारी एक नवी विद्यार्थिनी शाब्दिक उदाहरणांत सतत चुकत असे. तिची वही मी ओळीने तपासली तेव्हा दिसले, की समीकरण सोडवण्यात तिची एकही चूक नव्हती. प्रत्येक ठिकाणी गुणाकाराच्या जागी तिने बेरीज मांडली होती. अशा मुलीला गणित येत नाही असे कोण म्हणेल? पण गुणपत्रिका तेच म्हणते. परीक्षेने विषयाचे ज्ञान मोजावे, आणि भाषा मध्ये आडवी येत असेल तर ती दूर करावी, एवढाच या सवलतींचा हेतू आहे. म्हणून त्या मागताना संकोच करू नका.

आता प्रत्यक्ष काय मागायचे ते सांगते. जादा वेळ, म्हणजे तोसेफेत झमान, आणि द्विभाषी शब्दकोश या दोन गोष्टी मी सर्वांत आधी मागेन. शब्दकोश तिच्यासाठी हिब्रू-इंग्रजी हाच सोयीचा ठरेल. मात्र वर सांगितलेल्या ‘पी’ आणि ‘बे’मध्ये शब्दकोश कामाला येत नाही, तिथे केवळ सरावच लागतो. हिब्रू भाषेच्या विषयासाठी ओलीम विद्यार्थ्यांची वेगळी परीक्षा असते, तिला इव्रीत ले-ओलीम म्हणतात. तुमच्या मुलीला ती देता येईल का, हे आजच विचारा, कारण त्यावर वर्षभराचा अभ्यासक्रमच बदलतो. हा सगळा अर्ज शाळेमार्फत जातो. वर्गशिक्षिका टाळाटाळ करत असतील तर राकाझ बग्रुयोत, म्हणजे शाळेत बग्रूतचे काम पाहणारी व्यक्ती, आणि योएत्सेत, म्हणजे समुपदेशिका, या दोघांना एकत्र भेटा आणि कोणकोणत्या सवलती लागू आहेत, त्यांची मुदत केव्हा संपते, हे लेखी घ्या. नियम शिक्षण मंत्रालयाच्या परिपत्रकांतून बदलत असतात. त्यामुळे शेजारच्या मुलाला काय मिळाले होते यावर विसंबू नका.

बारावीपर्यंत मुळीच थांबू नका. बग्रूत ही काही एका आठवड्यात आटोपणारी परीक्षा नाही. विषय टप्प्याटप्प्याने उरकले जातात, आणि काही शाळांत त्यांची सुरुवात दहावीतच होते. शिवाय जादा वेळ वापरण्याचीही सवय लागते. ज्या मुलांना तो अचानक अंतिम परीक्षेतच मिळतो, ती बहुधा उत्तरे संपवून नुसती बसून राहतात, कारण उरलेल्या वेळात प्रश्न पुन्हा वाचून उत्तराशी ताडून पाहायचे असतात हे त्यांना कोणी शिकवलेलेच नसते. म्हणून शाळेतल्या चाचण्यांतही ती सवलत लागू करण्याचा आग्रह धरा.

लोदचा माजी विद्यार्थी

मावशी, मी मुंबईहून शाळकरी वयात आलो आणि बग्रूत इथेच दिली. आता विद्यापीठात शिकतो. बाईंनी लिहिलेले सर्व मला पटते. मी फक्त अनुवादित प्रश्नपत्रिकेबद्दल सांगतो, कारण त्याचा मी स्वतः अनुभव घेतला आहे.

मराठीत प्रश्नपत्रिका मिळत नाही. इंग्रजी, रशियन, फ्रेंच अशा काही भाषांत मिळते. इंग्रजी आपल्याला येते म्हणून ती घ्यावी असा मोह होतो, पण माझे मत असे, की हा निर्णय सरसकट न घेता विषय पाहून घ्यावा. नागरिकशास्त्र मी संपूर्ण हिब्रूतून शिकलो होतो. सत्ताविभाजन, बहुमताचा निर्णय, अल्पसंख्याकांचे हक्क, क्नेसेटचे, म्हणजे इथल्या संसदेचे, मूलभूत कायदे, या सर्वांच्या व्याख्या मला हिब्रूत तोंडपाठ होत्या. सरावासाठी इंग्रजी प्रश्नपत्रिका हाती घेतली, तेव्हा त्यातल्या संज्ञा मी कधी ऐकलेल्याच नव्हत्या, आणि प्रत्येक प्रश्न आधी मनातल्या मनात हिब्रूत न्यावा लागत होता. त्यानंतर इतिहास आणि नागरिकशास्त्र मी जादा वेळ घेऊन हिब्रूतूनच दिले, आणि तो निर्णय योग्य ठरला. गणिताचे मात्र मी वडिलांच्या मताविरुद्ध सांगेन. तिचा पाया इंग्रजीतून झालेला आहे, त्यामुळे तिथे इंग्रजी प्रश्नपत्रिकेचा खरोखर उपयोग होऊ शकतो. पण विकलन आणि संकलन ती इथेच हिब्रूतून शिकेल, तेव्हा अकरावीत एकदा दोन्ही भाषांतल्या जुन्या प्रश्नपत्रिका तिच्यापुढे ठेवून, कुठल्या भाषेत ती कमी अडते हे तिलाच ठरवू द्या.

आणखी एक. उत्तरवहीत ज्या पानावर ‘त्युता’ असे लिहिलेले असते ते पान कच्चे समजले जाते आणि तपासले जात नाही. नव्या मुलांना ही साधी गोष्ट कोणी सांगत नाही, म्हणून मुद्दाम लिहिले.

अश्दोदची आई

दोघांचेही मनापासून आभार. तिला हे सर्व वाचून दाखवले. गणिताच्या वहीत ‘पी’ची तीच चूक दोन ठिकाणी सापडली, आणि ती का होते हे कळल्यावर तिच्या चेहऱ्यावरचा ताण एकदम उतरला. रविवारी राकाझना भेटायची वेळ घेतली आहे. तनाखबद्दलही, म्हणजे हिब्रू बायबलच्या विषयाबद्दलही, काही सांगता येईल का? तिथले हिब्रू तर बोलण्यातल्या हिब्रूपेक्षा अगदीच निराळे आहे आणि तो विषय टाळता येत नाही.

समुपदेशिका, रामला

तनाखचे जाणकार सांगतीलच. मी कागदपत्रांबद्दल थोडेसे लिहिते. रविवारच्या भेटीला तेउदात ओलेची प्रत आणि ठाण्याच्या शाळेच्या गेल्या काही वर्षांच्या गुणपत्रिका, शक्यतो हिब्रू अनुवादासह, घेऊन जा. त्या गुणपत्रिकांचा उपयोग अर्जापेक्षाही शिक्षकांचे मत बदलण्यासाठी जास्त होतो, कारण मूल मातृभाषेत कसे शिकत होते हे त्यांना प्रथमच दिसते. इतर वाचकांसाठीही सांगते, की मुलाला तिकडेही वाचनाची किंवा लेखनाची खरी अडचण होती असे असेल, तर तो जुना अहवाल लपवू नका. अशा मुलाला दोन्ही प्रकारच्या सवलतींची गरज असू शकते, आणि ‘नवीन आहे, शिकेल हळूहळू’ म्हणत त्याची वर्षे वाया जातात.

पुढचाही विचार आताच करून ठेवा. विद्यापीठ प्रवेशाची सायकोमेट्रिक परीक्षा हिब्रूखेरीज इतर काही भाषांतही देता येते, पण तशी दिली तर हिब्रूच्या ज्ञानासाठी याएल ही वेगळी परीक्षा द्यावी लागते. तेव्हा सवलत घेऊनही वाचनाचे हिब्रू पक्के करण्याचे काम थांबवू नये. रोज वर्तमानपत्रातली एक छोटी बातमी वाचून तिचा आशय दोन वाक्यांत हिब्रूत लिहिणे, एवढे केले तरी वर्षभरात फरक दिसतो.

दिमोनाचे आजोबा

बाई, तनाखसाठी घाबरू नका. आपल्या बेने इस्राएल, म्हणजे मराठी ज्यू, घरांत पिढ्यान्‌पिढ्या शास्त्र मराठीतून वाचले गेले आहे, त्याचा इथे उपयोग करून घ्या. माझ्या नातवंडांना मी असेच शिकवले: वर्गात जो अध्याय यायचा तो आदल्या संध्याकाळी मराठी बायबलमधल्या जुन्या करारातून मोठ्याने वाचायचा, कोण कोणाला काय म्हणाले ते मुलाला स्वतःच्या शब्दांत सांगू द्यायचे, आणि मगच हिब्रू ओळी बोट ठेवून वाचायच्या. कथा आधीच ठाऊक असली, की जुनी क्रियापदे अंदाजाने उलगडतात आणि शिक्षकांचे विवेचन ऐकायला मन मोकळे राहते. तनाखच्या पुस्तकात बहुधा स्वरचिन्हे असतात. तुमच्या मुलीला तर तेवढ्यासाठी हा विषय इतिहासापेक्षा वाचायला सोपा जाईल.

एक काळजी मात्र घ्या. मराठी बायबलमधले अध्यायांचे आकडे सगळीकडे हिब्रूशी जुळत नाहीत. योएलचे हिब्रूत 4 अध्याय आहेत, मराठीत 3. मलाखीचे हिब्रूत 3, मराठीत 4. स्तोत्रांत कधीकधी ओव्यांचे आकडे एकाने पुढे-मागे होतात. म्हणून वाचायला बसण्यापूर्वी दोन्ही पुस्तकांतली पहिली आणि शेवटची ओवी जुळवून घ्या, आणि परीक्षेत संदर्भ देताना आकडा नेहमी हिब्रू पुस्तकातलाच लिहायला सांगा.