मदत हवी आहे: घरगुती मोडी दप्तरावर डिजिटल ह्युमॅनिटीजचं (संगणकाच्या मदतीने इतिहासाचं) संशोधन, फेलोशिपचा अर्ज कुठे आणि कसा करावा?

नमस्कार मंडळी,

मी इतिहासात पीएच.डी. करते आहे, दुसरं वर्ष चालू आहे. विषय उत्तर पेशवाईतला सातारा भागातला गावगाडा: बलुतं, इनामं, वतनाचे तंटे. मुख्य साधन एका कुलकर्णी घराण्याचं मोडी दप्तर. ते आजही त्यांच्या माळ्यावर रुमालांत बांधून ठेवलेलं आहे. काही कागदांना कसर लागली आहे, काही ओल धरून एकमेकांना चिकटलेत. घरची मंडळी फोटो काढू देतील, पण कागद घराबाहेर जाऊ देणार नाहीत, आणि मला त्यांचं म्हणणं पटतं.

सगळ्या कागदांचे चांगले फोटो काढायचे, निवडक कागदांचं देवनागरी लिप्यंतर करायचं आणि त्यावरून संगणकाला हे हस्ताक्षर वाचायला शिकवायचं, असा विचार आहे. त्यातून गावं, माणसं, हक्क, रकमा शोधता येतील असा संग्रह उभा राहावा. मोडीला युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकावरच्या लिप्यांच्या प्रमाण संचात, २०१४ साली जागा मिळाली, पण हस्तलिखिताचा प्रश्न त्याने सुटत नाही. आधी ओळ आखून अक्षरं तिला टांगलेली, शब्द तोडलेले नाहीत, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाही. शिवाय ‘सलास सितैन मया व अलफ’ हे यंत्राने अचूक वाचलं, तरी तो शुहूर सन (अरबी अंकशब्दांत लिहिलेली जुनी कालगणना) ११६३, म्हणजे इ.स. १७६२-६३, हे त्याला सांगावंच लागणार.

ब्रिटिश लायब्ररीचा एन्डेंजर्ड आर्काइव्ह्ज प्रोग्रॅम (धोक्यातले कागद वाचवण्यासाठीचं अनुदान) आणि फुलब्राइट-नेहरू (अमेरिकेत संशोधनासाठीची फेलोशिप) या दोन्हींसाठी एकच प्रस्ताव थोडा बदलून पाठवला तर चालेल का? दप्तर खाजगी असणं आड येईल का? आणि पद्धतीबद्दल किती तांत्रिक लिहावं? जाणकारांनी कृपया सांगावं. हे कागद आणखी किती पावसाळे काढतील याची मला खरंच काळजी वाटते.

प्रतिसाद १

एकच प्रस्ताव दोन्हीकडे चालणार नाही. अर्ज लिहायला बसण्याआधी हे मनात पक्कं करा.

एन्डेंजर्ड आर्काइव्ह्ज २००४ पासून चालू आहे, पैसा आर्केडिया या संस्थेचा. तो धोक्यात असलेले कागद वाचवण्यासाठी आहे, त्यांच्यावर संशोधन करण्यासाठी नाही. तिथले परीक्षक विचारतात: कागद किती जुने, धोका कसला, मालकाची संमती आहे का, प्रती कुठे राहणार. खाजगी दप्तर चालतं. मूळ कागद देशाबाहेर जात नाहीत हे त्यांचं धोरणच आहे, तेव्हा घरच्यांची अट तुमच्या पथ्यावर पडेल. मात्र प्रतिमा सगळ्यांना खुल्या होतात. जुन्या इनामांचे वाद अजून मिटले नसतील तर हे घरच्यांना आधीच नीट समजावून सांगा आणि लेखी संमती घ्या. अनुदान सांभाळायला यजमान संस्था लागते आणि प्रतींचा एक संच इथल्याच संस्थेत राहावा लागतो, म्हणून विद्यापीठाशी आजच बोला.

फुलब्राइट-नेहरूची डॉक्टरल फेलोशिप मात्र दप्तरासाठी नसते, ती तुम्हाला व्यक्ती म्हणून मिळते. सहा ते नऊ महिने अमेरिकेतल्या संस्थेत राहायचं असतं, त्यामुळे ‘माझं दप्तर साताऱ्यात, मग तिकडे कशाला?’ याचं उत्तर पहिल्याच परिच्छेदात हवं. हस्तलिखित वाचनाचं तंत्र तिथल्या अमुक प्राध्यापकाकडे शिकायचं आहे, असं नेमकं कारण असेल तरच अर्ज करा.

तंत्राबद्दल थोडक्यात पण ठोस लिहा. ट्रान्स्क्रिबस या हस्ताक्षर वाचणाऱ्या सॉफ्टवेअरसाठी हस्तलिखिताचे साधारण ५ ते १५ हजार शब्द आधी हाताने लिप्यंतरित करावे लागतात. ईस्क्रिप्टोरियम या तशाच दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये ओळीला टांगलेल्या लिपीसाठी वेगळी सोय आहे, ती मोडीला उपयोगी पडावी. चुका कशा मोजणार आणि लिप्यंतर कोण तपासणार, हे लिहा. मोडीचा जाणकार आणि त्याचं मानधन अंदाजपत्रकात नसेल तर बाकीचं सगळं कच्चं दिसतं. वर तुम्ही शुहूर सनाबद्दल लिहिलंय ना, ते वाक्य जसंच्या तसं प्रस्तावात घाला. तुम्हाला हे कागद खरोखर वाचता येतात हे त्यातून कळतं.

प्रतिसाद २

वरच्याशी सहमत. दप्तरात कीर्तन, लावणी, देवळातली वाजंत्री असं काही असेल तर बंगळुरूच्या इंडिया फाउंडेशन फॉर द आर्ट्सचाही विचार करा. तिथे प्रस्ताव मराठीत लिहिता येतो. पण कलेशी संबंध हवा, ओढूनताणून जोडू नका.

सारथी, बार्टी किंवा महाज्योती या राज्य सरकारच्या संस्थांचं विद्यावेतन घेत असाल तर दुसरा निधी घेण्याबद्दलच्या त्याच्या अटी आधी वाचा.

आणि ओल धरलेले कागद अनुदानाची वाट पाहत ठेवू नका. चिकटलेली पानं घरी सोडवायला जाऊ नका, त्याला कागद-संवर्धनाचा माणूसच हवा. बाकीचे रुमाल तेवढे कोरड्या जागी हलवा.

मूळ प्रश्नकर्ती

दोघांचे मनापासून आभार. विद्यावेतन घेत नाही, त्यामुळे ती अडचण नाही. आता दोन वेगळे प्रस्ताव करते: फोटो, सूची आणि संमती यांचा एक, वाचनतंत्राचा दुसरा. पहिला आधी पाठवेन, कारण प्रतिमाच नसतील तर यंत्राला शिकवणार कशावर?

एक विचारायचं राहिलं. अठराव्या शतकातली झरझर लिहिलेली मोडी वाचणारं आणि लिप्यंतर तपासून देणारं पुण्या-साताऱ्याकडे कुणी आहे का? मानधन अंदाजपत्रकात धरणार आहे, म्हणून पानामागे साधारण काय दर घेतात तेही कळवा. व्यक्तिगत निरोप (व्यनि) केला तरी चालेल.