पिस्तुलाच्या फ्रंट साइटला रंग लावावा का?

मळेकर: माझं वय ५३. परवान्याचं .३२ रिव्हॉल्व्हर मळ्यातल्या घरी असतं. नळीच्या टोकावरची फ्रंट साइट काळी, नेम धरताना ती जिच्या मधोमध दिसायला हवी ती मागची खाच काळी, आणि दिवेलागणीला समोरचं सगळंच काळपट. सरावात दोन्ही साइट एकमेकींत मिसळायला लागल्या, तेव्हा फ्रंट साइटच्या माझ्याकडच्या बाजूला आधी पांढरा आणि त्यावर पोपटी नेलपेंट लावला. आता हात वर आला की नजर तिथंच जाते. गावातले एक निवृत्त हवालदार म्हणतात, हत्याराला रंग फासू नये. का फासू नये? दिसत नसेल तर नेम धरायचा कशावर?

बालेवाडीकर: काका, हवालदारांचं बरोबर आहे. मी २५ मीटर पिस्तूल खेळतो. रंग चमकतो, आणि चमक फसवते. ऊन डावीकडून आलं की डावी कडच उजळते. डोळा तेवढीच कड खाचेच्या मध्ये आणतो, म्हणजे साइट खरी उजवीकडे सरकलेली असते. दोन साइटमधलं अंतर १५ सें.मी. धरा. अर्ध्या मिलिमीटरची चूक २५ मीटरवर ८ सें.मी.हून जास्त होते. म्हणून तर जुने नेमबाज कापूर जाळून साइटवर काजळी धरायचे. आयएसएसएफ म्हणजे आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघ, त्याच्या नियमातही प्रकाश वाढवणारा किंवा परावर्तित करणारा रंग साइटवर चालत नाही.

मळेकर: तुमचं गणित मान्य. पण तुमच्यासमोर पांढऱ्या कागदावर २० सें.मी.चं काळं वर्तुळ असतं, नेम तुम्ही त्याच्याखालच्या पांढऱ्यावर धरता, तिथं काळी साइट उठून दिसणारच. माझ्यासमोर गोठ्याची भिंत. अंतर ७ मीटर. तीच अर्ध्या मिलिमीटरची चूक तिथं सव्वादोन सें.मी. होते. मला पदक नको आहे.

चष्मेवाली ताई: मी डोळे तपासते, बंदुकीतलं फार कळत नाही. पण मळेकरकाका, पन्नाशीत हाताच्या अंतरावरची वस्तू पुसट दिसते ती डोळ्याच्या भिंगाची लवचीकता कमी झाल्यामुळे. वाचायचा चष्मा साधारण ४० सें.मी.साठी असतो, फ्रंट साइट ६०–७० सें.मी.वर. त्यामुळे तो चष्मा लावूनही ती नीट दिसणार नाही. रंगाने ती पटकन सापडेल, पण कड पुसटच राहील. मधल्या अंतराचा नंबर काढून घ्या. हत्यार न आणता, डोळ्यापासून साइटपर्यंतचं अंतर टेपने मोजून आणा, तेवढं पुरे.

टेक्सासचा नाना: मी मळेकरांच्या बाजूचा. इथं रेंजवर रंगवलेल्या साइट सर्रास दिसतात. पोपटी निवडलात हे उत्तम, उजेडात डोळ्याला हिरवा-पिवळाच सर्वांत तीव्र जाणवतो. लाल अंधारात आधी काळा पडतो. फक्त संपूर्ण साइट रंगवू नका. वरची सपाट कड काळीच ठेवा, नेम तिच्यावर धरायचा असतो. आणि पार काळोखात नेलपेंट काही करणार नाही. त्याला उजेड लागतोच.

बालेवाडीकर: नाना, वरची कड काळी ठेवणार असाल तर माझा अर्धा विरोध संपला. उरलेला अर्धा असा, की नवशिक्याला रंगवलेली साइट देऊ नये. तो ठिपका पाहायला शिकतो, कड पाहायला शिकत नाही. ती सवय नंतर मोडताना फार त्रास होतो, मी मुलांना शिकवताना पाहिलं आहे.

मळेकर: मी तर कडेवरूनही रंग ओढला होता! आज गोळ्या काढून, रिकामं असल्याची दोनदा खात्री करून, काडीला कापूस गुंडाळला आणि नेलपेंट रिमूव्हरने वरची कड साफ केली. मुठीच्या पॉलिशवर थेंब पडू दिला नाही, ते उतरतं. ताई, मोजलं. ६४ सें.मी. भरलं. सोमवारी नंबर काढायला जातो. पोपटी मात्र ठेवतोय.